ट्रायक्लोरोएथिलीन : एका विद्रावकाचे गुण आणि अपाय

कातकाम झालेल्या धातूच्या भागांवर तेल व ग्रीज यांचा थर बसतो. मुलामा किंवा रंग देण्यापूर्वी तो समूळ काढावा लागतो. या कामासाठी विसाव्या शतकातील कारखान्यांनी ज्या द्रव्याचा विशेष आश्रय केला, ते ट्रायक्लोरोएथिलीन होय. हे द्रव्य वर्णहीन, गोडसर वासाचे व सहजी पेट न घेणारे आहे. पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही विद्रावकांच्या मानाने ते निर्धोक वाटले, यात नवल नाही. परंतु आगीचे भय टळले म्हणजे सर्वच भय टळले, असे नव्हे.

हे द्रव्य सुमारे ८७ अंश सेंटिग्रेडला उकळते. खोल टाकीच्या तळाशी ते तापविले असता बाष्प वर चढते, थंड धातूवर त्याचा पुन्हा द्रव होतो आणि तेल विरघळवून तो खाली ठिबकतो. बाष्प हवेच्या सुमारे साडेचार पट जड असल्यामुळे ते टाकीत व खड्ड्यांत साचून राहते. गाळ काढण्यासाठी रिकाम्या भासणाऱ्या टाकीत उतरलेला कामगार त्यामुळे बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. त्याला वर काढण्यास धावलेल्याचीही तीच गत होण्याचा संभव असतो. जवळपास वेल्डिंग चालू असेल, तर उष्णतेने बाष्पाचे विघटन होऊन फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

स्निग्ध पदार्थांशी असलेली याची सलगी, हाच त्याचा उपयोग आणि हाच त्याचा अपाय. फुप्फुसांतून, आणि काही अंशी त्वचेतूनही, ते रक्तात शिरते व मेंदूपर्यंत पोहोचते. डोकेदुखी, भोवळ व गुंगी ही त्याची पहिली लक्षणे होत. या गुंगीमुळेच ते ‘ट्रायलीन’ या नावाने शस्त्रक्रियेत व प्रसूतीत भूल देण्यासाठी वापरले जात असे. अमेरिकेत हा उपयोग १९७७ साली निषिद्ध ठरला. रुग्णाला जे अल्पकाळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळे, तेच कामगाराला दिवसामागून दिवस, कोणाच्याही देखरेखीवाचून मिळत राहिले. जर्मनीत १९१५ साली कामगारांच्या चेहऱ्याची संवेदना नष्ट झाल्याचे नोंदले गेले. आश्चर्य असे की, त्यानंतर चेहऱ्याच्या मज्जाशूलावर औषध म्हणून हेच बाष्प हुंगविण्यात येऊ लागले.

दीर्घकालीन अपाय याहून गूढ आहेत. शरीरात या द्रव्याचे बहुतांशी ट्रायक्लोरोएथेनॉल व ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांत रूपांतर होते; मूत्रातील या आम्लाच्या प्रमाणावरून संपर्काचा अंदाज बांधता येतो. अल्पसा भाग मात्र ग्लुटाथायोनशी संयोग पावून मूत्रपिंडात घातक रूप धारण करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हे द्रव्य मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला. त्याचा मुख्य आधार मूत्रपिंडाचा कर्करोग हा होता. रोग प्रकट होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोवर कामगार व कारखाना यांचा संबंधही पुष्कळदा तुटलेला असतो.

अमेरिकेत १९७१ पासून आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लक्ष भागांत १०० भाग ही कायदेशीर मर्यादा होती. तेथील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने पुढे केवळ १० भागांची शिफारस केली. युरोपीय संघात २१ एप्रिल २०१६ नंतर विशेष परवानगीवाचून याचा वापर करता येत नाही. मर्यादेचा आकडा हा द्रव्याचा गुणधर्म नव्हे. तत्कालीन ज्ञानाचे ते माप होय.

यास्तव निवारणाचा क्रमही स्पष्ट आहे. प्रथम शक्य तेथे पर्यायी द्रव्य वापरावे, ते न साधल्यास बंदिस्त यंत्र व बाष्प जागच्या जागी खेचून घेणारी योजना करावी, आणि मुखवट्याचा आधार अखेरीस घ्यावा. साध्या कापडी मुखवट्याने बाष्प अडत नाही. वासावरही विसंबून चालत नाही. कारण नाक त्याला लवकरच सरावते, शरीर मात्र सरावत नाही.