पोटाची लोंबती कातडी : ऑपरेशनच्या आधीचे सहा महिने

गिरड-समुद्रपूर भागातल्या वस्त्यांत बीपी-शुगर तपासायला बसलो की बाया आधी गुडघे सांगतात, मग चक्कर सांगतात, आणि सगळे सांगून झाल्यावर उठता उठता हळूच विचारतात, "ताई, वजन तं उतरलं, पण हे पोट कायले लोंबते?"

कारण साधे आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या चरबीने कातडी ताणली जाते. तिच्यातले लवचिक धागे तुटतात. पंचवीस-तीस किलो वजन उतरले की आतली चरबी जाते, पण कातडी मागे फिरत नाही. चालण्याने, व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात. कातडी आकसत नाही. कोणते तेल चोळल्यानेही नाही. बाजारात तसे सांगून तेल विकणारे खूप आहेत, त्यांना पैसे देऊ नका.

हा दिसण्याचा प्रश्न आहे असे समजून पुष्कळ बाया गप्प बसतात. उन्हाळ्यात कापसाच्या वावरात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईच्या पोटाच्या वळीखाली घाम साचतो, बुरशी होते, कातडी सोलते, वास येतो, कधी जखम होऊन पू होतो. हा आजारच आहे. लोंबती कातडी काढण्याचे ऑपरेशन सिनेमावाल्यांसाठी निघालेले नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉ. हॉवर्ड केली यांनी १८९९ सालीच असे ऑपरेशन नोंदवून ठेवले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. वजन ठरवून, खाणे आवरून, चालून किंवा वजनाचे ऑपरेशन करून उतरले असेल तर पुढचे वाचा. न ठरवता आपोआप उतरले असेल, तर आधी थुंकीची आणि शुगरची तपासणी. टीबी, मधुमेह, थायरॉइड यांनीही माणूस असाच सुकतो.

सर्जनकडे गेल्यावर दोन नावे कानावर पडतील. पॅनिक्युलेक्टमी म्हणजे फक्त लोंबणारी कातडी आणि तिच्याखालची चरबी काढणे. अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत आतले सैल पडलेले स्नायूही शिवतात, बेंबी नव्या जागी बसवतात. दोन्हीत या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो. वजन कमी करण्याचे हे ऑपरेशन नाही. बेंबीजवळ किंवा सिझरच्या टाक्यांजवळ खोकताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो आधीच दाखवा, म्हणजे दोन्हींचा विचार एकदम होईल.

घाई मात्र करू नका. वजन किमान सहा महिने एका जागी टिकलेले हवे. वजनाचे ऑपरेशन झाले असेल तर बहुतेक सर्जन वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. अजून मूल हवे असेल तर ते आधी होऊ द्या, नाहीतर पोट पुन्हा ताणले जाईल. हे सहा महिने वाया जात नाहीत. जखम भरणार की चिघळणार, हे बरेचसे याच काळात ठरते.

पहिली तपासणी रक्ताची, आणि आपल्या घरांत तर सिकलसेलचीही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिले होते. विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आहे. केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, पण आमच्या मते आपल्या घरातली लपवालपवी अजून संपलेली नाही. पोरीचे लग्न अडेल म्हणून कार्ड पेटीच्या तळाशी जाते. भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून हे लपवणे जिवावर बेतू शकते. शरीरातले पाणी कमी पडले, अंग गार पडले, ऑक्सिजन उतरला की सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकून नसा अडवतात, आणि ऑपरेशनच्या टेबलावर या तिन्ही गोष्टी घडू शकतात. आधी माहीत असेल तर डॉक्टर सलाईन, गरम पांघरूण, रक्त अशी तयारी ठेवतात. एएस म्हणजे वाहक असाल तर सहसा अडचण येत नाही, तरी सांगायचेच. एसएस असाल तर रक्तविकाराच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तारीख घेऊ नका. सोल्युबिलिटीची साधी चाचणी आधी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने वाहक की रुग्ण ते पक्के कळते.

दुसरी गोष्ट ऐकायला कडू लागेल. खर्रा. बाप्ये खातातच, आणि बाया कमी खातात असे कोणी म्हणू नये. पदराआडची पुडी आम्ही पुष्कळ पाहिली. तंबाखूतल्या निकोटीनने कातडीच्या बारीक नसा आवळल्या जातात. या ऑपरेशनात मोठा तुकडा कापून उरलेली कातडी ताणून जोडतात, आणि रक्त पोचले नाही तर तिची कड काळी पडते, टाके उसवतात. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस खर्रा, बिडी, गुडाखू, नस सगळे बंद. "एखादी पुडी" चालत नाही. सुटत नसेल तर तारीख पुढे ढकला, ते परवडेल.

खाण्यात प्रथिने वाढवा. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. सोयाबीन आपण पिकवतो आणि सगळे विकून टाकतो. त्यातले पायलीभर घरी ठेवा. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने आहेत. भिजवून, नीट शिजवून, किंवा भाजून दळून कणकेत मिसळून खा. डाळ, चवळी, सुकट, मासळी आहेच. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नाही. हिमोग्लोबिन दहाच्या वर आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आल्याशिवाय कोणी शहाणा सर्जन हात लावत नाही.

वळीखालची जागा रोज धुऊन, टिपून कोरडी करा आणि मध्ये सुती कापडाची घडी ठेवा. मेडिकलवरून मागून आणलेले खाजेचे मलम लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. खाज थांबते, बुरशी पसरते, कातडी पातळ होते. दर वेळी गिरडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा. तीन-चार महिन्यांच्या नोंदी असल्या की हा आजार आहे हे कागदावर दिसते.

कागदाचे महत्त्व पैशापाशी येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केवळ दिसण्यासाठीचे ऑपरेशन बसत नाही. हर्निया किंवा वारंवार होणारी जखम असेल तर काय बसते, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधी विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे रुग्णालय आणि नागपूरचे मेडिकल ही आपल्याला जवळची मोठी ठिकाणे आहेत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. बचत गटाचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून खाजगी 'पॅकेज' घेऊ नका असे आमचे स्पष्ट मत आहे.

चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा, जडीबुटीसुद्धा. माला-एन घेत असाल तर नक्की सांगा, त्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आदल्या रात्री घरी ब्लेड फिरवू नका. बारीक चिरांतून जंतू शिरतात. साबणाने आंघोळ पुरे.

तारीख हंगाम पाहून घ्या. नंतर सहा आठवडे हंडा, सरपण, लेकरू काहीच उचलायचे नाही. त्यामुळे पेरणी-निंदणाचे आणि कापूस वेचणीचे दिवस टाळा, मे महिन्याचे ऊनही टाळा. वेचणी संपल्यावरचा फेब्रुवारी आम्हाला बरा वाटतो. घरात पाणी कोण भरेल, चूल कोण पाहील, हे नवऱ्याशी, सासूशी आधीच बोलून ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी हा विषय काढला तर तिसऱ्या दिवशी बाई हंडा उचलते.

खाली अंथरुणावरून उठणे जमणार नाही, खाट मिळवा. उकिडवे बसता येणार नाही, कमोडची खुर्ची कोणाकडून तरी मागून आणा. पोटातून एक-दोन नळ्या निघालेल्या असतील. त्यातले पाणी रोज मोजून लिहायचे, ते कमी झाले की डॉक्टर नळी काढतात. काही दिवस वाकून चालावे लागते, पण चालायचेच. एका पायाला सूज-दुखणे आले, दम लागला, ताप आला, जखमेला वास आला किंवा कड काळी पडली, तर सकाळची वाट न पाहता १०८ बोलवा.

आणि दोन सैल गाउन आधीच शिवून ठेवा. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते.