काम आणि पदवी : उमेदवारीतून अभियंता

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाला अभियंता व्हायचे असते, मुलीचे गणित उत्तम असते. परंतु चार वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तके यांचा हिशेब मांडला म्हणजे वडिलांचा चेहरा उतरतो. मग कोणी सुचवितो, 'आधी नोकरी धरू दे, शिक्षण मागाहून पाहू.' हे 'मागाहून' बहुधा येतच नाही. नोकरी की पदवी, असे दोनच रस्ते आहेत या समजुतीमुळे कित्येक बुद्धिमान मुले अर्ध्या वाटेवर थांबतात. म्हणून तिसऱ्या रस्त्याची माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

हा रस्ता म्हणजे पदवी-उमेदवारी. यात विद्यार्थी कारखान्याचा पगारी नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना आपणास परिचित आहे. तेथे श्रमाने शिक्षणाचा खर्च निघतो. पदवी-उमेदवारीत त्याच्या पुढचे पाऊल आहे : हातातले काम हाच अभ्यासाचा एक भाग मानला जातो आणि त्याचे मूल्यमापनही होते. दिवसा कचेरी व रात्री महाविद्यालय या पद्धतीहूनही ही वेगळी, कारण तेथे कचेरीचा आणि वर्गाचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

एक उदाहरण घेऊ. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्रे एकावर एक रचून करतात. कारागिराला ती रचना हाताने येते. केवळ पुस्तक वाचलेल्याला तिचे कारण ठाऊक असते, ते असे की पत्र्यांमधील विरोधक थरामुळे लोखंडात फिरणारे भोवरा-प्रवाह अडतात व उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज वाचते. सकाळी पत्रे रचणारा आणि त्याच आठवड्यात त्या प्रवाहांचे गणित सोडविणारा विद्यार्थी ते गणित सहसा विसरत नाही.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक आठवडा वर्ग व एक आठवडा कारखाना असा क्रम सुरू केला. दोघा विद्यार्थ्यांची जोडी असे. एक वर्गात असताना दुसरा यंत्रावर, त्यामुळे कारखान्याचे काम अडत नसे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ साली अशाच संस्था निघाल्या व २००९ साली त्यांचे एक विद्यापीठ झाले. तेथे साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कारखाना असा फेरा तीन वर्षे चालतो आणि वेतन दोन्ही काळांत मिळते. इंग्लंडने २०१५ साली पदवी-उमेदवारी सुरू केली. विद्यापीठाचे शुल्क तेथे उमेदवार भरीत नाही. मालक व सरकार तो भार उचलतात, आणि अभ्यासासाठी पगारी वेळातूनच सवड द्यावी लागते. २०१७ पासून मोठ्या मालकांवर यासाठी वेतनखर्चाच्या अर्धा टक्का कर बसविण्यात आला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा क्रम कष्टाचा आहे. मित्र सुटीवर जातात तेव्हा उमेदवार कामावर असतो. दिवसभर यंत्राशी झगडून आल्यावर गणिताचे पुस्तक उघडणे सोपे नसते. कारखान्यात शिकविणारा जाणता माणूस नेमलेला नसेल तर उमेदवार नुसता स्वस्तातला मजूर होऊन बसतो. नोकरी सुटली तर अभ्यासही अडचणीत येतो.

आपल्याकडे काय आहे? १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला व १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. मात्र ती उमेदवारी पदवीच्या नंतरची. पदवीच्या अभ्यासातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली प्रसिद्ध केली. अभियांत्रिकीत अधिक रुळलेली वाट पदविकेची आहे : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग नोकरी, आणि नंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. नोकरी करणाऱ्या अशा पदविकाधारकांसाठी सोयीच्या वेळेचे पदवी-वर्ग चालविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून मान्यता दिली आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची 'ए. एम. आय. ई.' परीक्षा देऊन आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकजण नोकरी सांभाळून अभियंते झाले. त्यामुळे आजही घराघरांत तोच सल्ला दिला जातो. परंतु पदवीशी तिची समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच राखण्यात आली आहे. तसेच काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने निलंबित वा रद्द केल्या. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली, त्यांच्या हाती काय उरले याचा विचार करावा. 'घरबसल्या अभियंता व्हा' ही जाहिरात दिसताच सावध व्हावे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. पदवी कोणते विद्यापीठ देणार, आणि त्या अभ्यासक्रमास चालू वर्षाची मान्यता आहे काय? वेतन किती व ते कोण देणार? अभ्यासास कामाच्या वेळातून सवड मिळेल काय? मधेच नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याची अट आहे काय? उत्तरे लेखी घ्यावीत.

बडोद्यात तरी ही विचारसरणी परकी वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात हाताला कसब आणि बुद्धीला शास्त्र देण्याचाच हेतू होता. त्याच कलाभवनातून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली.

आपल्यासारख्या न्यासांनाही यात करण्याजोगे पुष्कळ आहे. शिष्यवृत्ती देताना अर्जदार मिळवता आहे म्हणून त्याला वगळू नये. मिळवून शिकणाऱ्याला पुस्तकांची आणि परीक्षा-शुल्काची नड असतेच. ज्या सभासदांचे कारखाने आहेत त्यांनी दरवर्षी एक तरी उमेदवार घ्यावा, आणि निवृत्त अभियंत्यांनी रविवारी दोन तास गणित शिकवावे. देणगीइतकेच हे दानही मोलाचे आहे. आणि ज्या घरात 'मागाहून पाहू' हे वाक्य उच्चारले जाणार असेल, त्या घरी ते वेळेवर पोहोचावे एवढीच इच्छा.