घरातील मांजराच्या लघवीचा उपद्रव : कारणे व उपाय

शेतकऱ्याच्या घरी धान्य आले की त्यामागोमाग उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर येते. हा क्रम फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळून आले आहे. म्हणजे माणूस शेती करून धान्य साठवू लागला, त्या काळापासूनच हा प्राणी त्याच्या सहवासात आहे. गाय, बैल, शेळी व कोंबडी यांची गणना पशुधनात होते. मांजराची होत नाही. तथापि माळ्यावरील पोती व कणगीतील बियाणे राखण्याचे काम ते विनावेतन करीत असते.

असे हे उपयुक्त जनावर घरात नको त्या जागी लघवी करू लागले म्हणजे घरची मंडळी त्रासून जातात. अंथरुणाला, धान्याच्या पोत्यांना व देवघराच्या कोपऱ्याला घाण येऊ लागते. मग मांजरास मार बसतो किंवा गोणीत घालून त्यास नदीपलीकडे सोडून दिले जाते. परंतु मांजर खोडीने किंवा सूड म्हणून असे करीत नाही. यामागे बहुधा आजार, वयात आलेल्या नराची सहजप्रवृत्ती, किंवा जागेची गैरसोय यांपैकी एक कारण असते. कारण ओळखल्यास उपाय कठीण नाही.

एक नेहमीचा प्रसंग

पुढील प्रसंग थोड्याफार फरकाने अनेक घरी घडतो. घरात लग्नकार्य निघाले. पाहुण्यांनी घर भरले, मांडव पडला, वाजंत्री वाजू लागली. तीन-चार वर्षांचा पाळलेला बोका माळ्यावर दडून बसला. दुसऱ्या दिवशी तो चुलीच्या राखेत जाऊन बसला, उठला, पुन्हा कोपऱ्यात बसला. घरधनिणीने त्यास हाकलले. सायंकाळी तो तांदळाच्या सुपात बसलेला आढळला. तेव्हा त्यास काठीचा प्रसाद मिळाला. तो कुंथत आहे असे पाहून आजीबाईंनी मलावरोधाची शंका घेतली व एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी बोक्याने खाणे सोडले, ओकारी केली व तो निपचित पडला. चौथ्या दिवशी तो मेला. विषारी उंदीर खाल्ला असावा, असे सर्वांनी मानले.

वस्तुतः त्या बोक्याची लघवी तुंबली होती. सूप व राख ज्या ज्या ठिकाणी तो बसला, तेथे ओल होती की नाही, एवढे कोणी पाहिले असते तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. एक थेंबही न पडता वारंवार कुंथणारा बोका हा तातडीचा रोगी आहे, ही गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

फवारा व लघवी यांतील फरक

मांजर कसे उभे राहते हे प्रथम पाहावे. भिंत, दाराची चौकट, पोत्याची कड यांकडे पाठ करून, शेपटी ताठ उभी करून व ती थरथरवीत ते मागे थोडीशी लघवी उडवीत असेल, तर तो फवारा होय. ही आपल्या हद्दीची खूण आहे. खच्ची न केलेले बोके असे विशेष करतात. क्वचित भाटीही करते. बोक्याच्या लघवीस येणारा उग्र दर्प मांजराच्या मूत्रातील फेलिनीन नावाच्या द्रव्यापासून होतो व वयात आलेल्या नरात ते अधिक असते.

याउलट मांजर जमिनीवर बसून नेहमीच्या जागेखेरीज अन्यत्र लघवी करीत असेल, तर आजाराची किंवा जागेच्या गैरसोयीची शंका घ्यावी.

लघवी तुंबणे

मूत्राशयास दाह झाला असता मांजर वारंवार लघवीस बसते, थोडी थोडी लघवी करते, बसताना ओरडते व मागील भाग सतत चाटते. कधी लघवीत रक्त दिसते. तरुण मांजरात या दाहाचे मूळ पुष्कळदा जंतूंमध्ये सापडत नाही. घरातील गडबड, नवे मांजर, जागेतील बदल अशा भयाच्या कारणांनी तो उद्भवतो किंवा वाढतो. काही मांजरांत मुतखडे होतात. म्हणून मनुष्यास ‘उन्हाळे’ लागले असता जे उपचार करतात, ते मांजरास लागू पडतीलच असे नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग भाटीच्या मानाने फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट गाळ त्यात अडकून तो बंद होतो. मग शरीरातील त्याज्य द्रव्ये रक्तात साठतात, पोटॅशियमचे प्रमाण वाढून हृदयाची गती बिघडते व दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो. अशा वेळी पुढीलप्रमाणे वागावे :

१. रात्र जाऊ देण्याची वाट न पाहता बोक्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. डॉक्टर भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात व शिरेतून द्रावण देतात.

२. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ताणलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो.

३. एरंडेल, काढा किंवा बळेच पाणी पाजू नये.

४. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते.

५. वेदनेने व्याकूळ मांजर चावते. जाड फडक्यात गुंडाळून झाकणाच्या टोपलीतून त्यास न्यावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

म्हातारे मांजर एकाएकी पाणी फार पिऊ लागले व त्याची लघवीही पुष्कळ वाढली, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असण्याचा संभव असतो. त्यासही तपासून घेणे इष्ट.

गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अशा उपचारांची सोय आहे किंवा नाही, याची चौकशी आधीच करून ठेवावी. परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचाही उपयोग करून घेता येतो.

बोक्याचे खच्चीकरण

फवाऱ्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खच्चीकरण. ते केल्यावर दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांचा फवारा थांबतो किंवा पुष्कळ कमी होतो. लघवीचा उग्र दर्प उतरतो, भांडणे व भटकणे कमी होते. बोका चार ते सहा महिन्यांचा असताना, फवाऱ्याची सवय जडण्यापूर्वीच हे करून घेतल्यास उत्तम. भाटीचीही शस्त्रक्रिया केल्यास वर्षातून दोन-तीन वेळा होणाऱ्या पिलांचा प्रश्न सुटतो.

ही शस्त्रक्रिया भूल देऊन पशुवैद्यकानेच करावयाची असते. बैल खच्ची करण्याच्या चिमट्याचा प्रयोग मांजरावर कोणीही करू नये. खच्ची केलेला बोका उंदीर धरीत नाही, हा समज निराधार आहे. तो अंगाने सुटतो एवढे मात्र खरे. म्हणून त्यास बेताने खाऊ घालावे.

पाणी व आहार

मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातील होत. त्यामुळे मांजर स्वभावतः पाणी कमी पिते व त्याची लघवी घट्ट असते. शिकारीच्या मांसातून त्यास पाणी मिळते. परंतु केवळ कोरड्या अन्नावर राहणाऱ्या मांजरास ते मिळत नाही. यासाठी पाण्याची पसरट भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवून ती रोज धुवून भरावी. अन्नात पाणी मिसळून ते पातळ करावे. कोकणात सुकट व सुके बोंबील घालण्याचा प्रघात आहे. खारवलेली मासळी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून देऊन, शिजवून घालणे हितावह.

दूध-भात किंवा दूध-पोळी हे मांजराचे पूर्णान्न नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व ढाळ लागते. मांजर मांसाहारी प्राणी असल्याने त्यास टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळावे लागते.

लघवीसाठी योग्य जागा

मांजर मोकळ्या मातीत खड्डा उकरून लघवी करते व ती झाकते. पूर्वी परसातील मोकळी जमीन यासाठी पुरत असे. आता अंगणास फरशी किंवा सिमेंट झाले आणि ही जागा नाहीशी झाली. पावसाळ्यात तर परसही चिखलमय असते. मग कोरडी व भुसभुशीत अशी राख किंवा धान्य मांजरास सोयीचे वाटते. यावर पुढील योजना करावी.

मांजराच्या लांबीच्या दीडपट लांबीचे जुने घमेले किंवा लाकडी खोके घेऊन त्यात दोन ते तीन इंच चाळलेली कोरडी वाळू किंवा माती पसरावी. ते शांत कोपऱ्यात, खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवावे. एक मांजर असल्यास दोन, दोन असल्यास तीन, याप्रमाणे मांजरांपेक्षा एक खोके अधिक असावे. ओली वाळू व विष्ठा रोज काढावी. घाणेरडे खोके मांजर वापरीत नाही.

डाग व दुर्गंधी

एकदा जेथे वास राहिला तेथे मांजर पुनःपुन्हा येते. फरशी व कपडे एन्झाइमयुक्त धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने धुवावे, स्वच्छ पाण्याने खळबळावे व उन्हात वाळवावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वरून सारवून भागत नाही. मुरलेली माती खरवडून काढावी, तेथे नवी माती चोपावी व नंतर सारवावे.

फिनेलचा उपयोग मात्र टाळावा. फिनेलमधील द्रव्ये मांजराच्या यकृतास निकामी करता येत नाहीत, आणि मांजर पंजे चाटीत असल्याने ती त्याच्या पोटात जातात. ब्लीचिंग पावडरही लघवीवर टाकू नये. तिच्यातून घातक वायू निघतो. अमोनियायुक्त द्रावणाचा वास लघवीसारखाच असल्याने मांजर उलट तेथेच येते.

धान्य, चारा व शेळ्यामेंढ्या

लघवीने भिजलेले धान्य वाळवून खाण्यात घेऊ नये. ते वेगळे काढून टाकावे. कणगीस व कोठीस घट्ट झाकण असावे.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीचा प्रसार होतो. लघवीतून तो होत नाही. परंतु जेथे मांजर लघवीस जाते तेथेच बहुधा विष्ठाही करते. अशी विष्ठा चाऱ्यात किंवा खुराकात मिसळल्यास गाभण शेळ्या व मेंढ्या गाभडतात. म्हणून गव्हाणी, कडब्याचा साठा व खुराकाची पोती झाकून ठेवावीत. विष्ठेतील हा परोपजीवी बाधा करण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस लागतात. रोज विष्ठा काढून पुरणे यासाठीच अगत्याचे आहे. गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये. इतरांनी नंतर हात साबणाने धुवावेत.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी धान्यसाठवणीची व उंदीर नियंत्रणाची माहिती देताना या विषयाचाही उल्लेख करावा. मांजर घरात घाण करते अशी तक्रार आल्यास तीन प्रश्न विचारावेत : ते उभ्याने उडविते की बसून करते? लघवी प्रत्यक्ष पडते काय? त्यास कोरडी, स्वच्छ जागा आहे काय? पहिल्याने खच्चीकरणाची गरज कळते, दुसऱ्याने प्राणसंकट ओळखता येते आणि तिसऱ्याने घरधन्याचे कर्तव्य स्पष्ट होते.

मांजर आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. सुपात किंवा राखेत बसून ते जे सांगू पाहते, त्याकडे काठी उचलण्यापूर्वी क्षणभर लक्ष द्यावे. त्यात धान्य वाचते, शेळ्यामेंढ्यांचे गाभ वाचतात, आणि मुक्या जनावराचा जीवही वाचतो.