उद्दिष्टाचा आलेख

लखनौ शहरात मेट्रो रेल्वेच्या बांधकामास २७ सप्टेंबर २०१४ रोजी आरंभ झाला. विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग आणि त्यावर २१ स्थानके, असे पहिल्या मार्गिकेचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग हा साडेआठ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये प्रवाशांस खुला झाला आणि उर्वरित मार्ग मार्च २०१९ मध्ये. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये प्रगतीचा आलेख काढावयास एवढी माहिती पुरेशी आहे. आणि असा आलेख कोठे फसवतो, हेही तिच्यावरून चांगले उमगते.

कृती सोपी आहे. तारीख, उद्दिष्ट, साध्य आणि उर्वरित असे चार रकाने आखावेत. उर्वरिताचा आकडा हाताने लिहू नये. उद्दिष्टातून साध्य वजा करण्याचे सूत्र तेथे घालावे, म्हणजे नवा आकडा भरताच तो आपोआप बदलेल. मग साध्य आणि उर्वरित हे दोन रकाने निवडून एकावर एक रचलेला स्तंभालेख काढावा. साध्यास गडद रंग द्यावा, उर्वरितास फिका. सप्टेंबर २०१७ चा स्तंभ शेकडा ३७ इतकाच भरलेला दिसेल.

उर्वरिताचा रकाना पुष्कळांना निरर्थक वाटतो. पण तो गाळला, तर उभ्या अक्षाची उंची संगणक स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, आणि उद्दिष्टाची त्यास वार्ताही नसते. साडेआठ हाच सर्वांत मोठा आकडा असल्याने अक्ष नऊ-दहाच्या आसपास संपतो व स्तंभ जवळजवळ माथ्यास टेकतो. एकतृतीयांशाहून थोडे अधिक झालेले काम पूर्णत्वास आल्यासारखे भासते. वरिष्ठांच्या मेजावर असे स्तंभ मोठ्या समाधानाने पाहिले जातात, हे सांगावयास नकोच.

काळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आरंभापासून शेवटापर्यंत सुमारे साडेचार वर्षे लागली. शून्यापासून २३ पर्यंत सरळ तिरपी रेषा ओढून तीच अपेक्षित प्रगती मानली, तर २०१७ च्या उन्हाळ्यात तिने कोणता निवाडा दिला असता? दोनतृतीयांशाच्या जवळपास काळ सरलेला आणि खुला मार्ग शून्य! वस्तुतः त्या काळात खांब उभे राहत होते, रूळ पडत होते, गाड्यांच्या चाचण्या चालल्या होत्या. दोष कामाचा नव्हे, मापाचा. रेल्वेचा मार्ग विहिरीच्या पाण्यासारखा बोटाबोटाने चढत नाही. तो टप्प्याटप्प्याने खुला होतो. शिवाय सारे किलोमीटर सारख्या कष्टाचे नसतात. हुसैनगंज, सचिवालय आणि हजरतगंज ही तीन भुयारी स्थानके उर्वरित भागातच होती.

म्हणून अपेक्षेची रेषा सरळ न ओढता पायऱ्यांची ओढावी. त्यासाठी पाचवा रकाना हवा. त्यात प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्याअखेर किती मार्ग खुला व्हावयाचा ठरला होता, तो आकडा लिहावा आणि त्याच आलेखात रेषेच्या रूपाने दाखवावा. हे आकडे काम सुरू होण्यापूर्वीच भरावेत. पुढे मुदत वाढवून मिळाली, तर जुना रकाना पुसू नये. नव्या मुदतीस शेजारी सहावा रकाना द्यावा आणि दोन्ही रेषा दिसू द्याव्यात.