मूर्ती नसलेल्या घराचं शिल्प

कसालच्या तिठ्यावरून महामार्गाने दक्षिणेला निघालो की आपण गोव्यात उतरतो. तिथे फोंड्याला १५६० साली, आदिलशाहीच्या काळात बांधलेली साफा मशीद आहे. पावसाच्या मुलखातली म्हणून तिला घुमट नाही, आपल्या घरांसारखं उतरतं कौलारू छप्पर आहे. शेजारी जांभ्याची तळी. मग ही मशीद कशाने झाली?

आपण मशीद म्हटली की घुमट आणि मिनार डोळ्यांपुढे आणतो. पण मदिनेतली सुरुवातीची मशीद खजुराच्या खोडांवर उभी होती, वर झावळ्या. आवश्यक असते ती एक दिशा, मक्केची. बाकीचा आकार मोकळा. त्यात प्रार्थनागृहात मूर्ती नाही, चित्र नाही. म्हणजे शिल्पकाराला काम उरतं कुठे? खुद्द भिंतीत आणि छपरात. वास्तूच शिल्प होते.

आता जर्मनीतल्या कोलोन शहरात जाऊ. तिथल्या एरेनफेल्ड भागातली मोठी मशीद २०१८ साली रीतसर खुली झाली. वास्तुकार पाउल ब्योम. हे घराणं चर्च बांधणाऱ्यांचं, बरं का! वडील गॉटफ्रीड यांचं नेविगेसचं काँक्रीटचं चर्च कड्यासारखं दिसतं. मुलाने मशिदीचा घुमट अखंड ठेवलाच नाही. काँक्रीटच्या वक्र पाकळ्या उभ्या केल्या आणि मधल्या फटींत काच बसवली. रस्त्यावरून आत नजर जाते, आत प्रकाश येतो. शिल्प आपण बाहेरून बघतो, वास्तूत आत शिरतो. इथे दोन्ही एकाच वेळी घडतं.

विरोधही झाला. ५५ मीटरचे मिनार शहराला परके वाटतील, अशी ओरड झाली. खरं तर तिथल्या कॅथेड्रलचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत! गंमत बघा, २००७ साली त्याच कॅथेड्रलला गेरहार्ड रिश्टर यांनी हजारो रंगीत चौकटींची खिडकी दिली. तिच्यात एकही संत नाही. तिथले कार्डिनल म्हणाले, ही मशिदीत जास्त शोभली असती.

त्यांना ती तक्रार वाटली. आपण ती साक्ष म्हणून घेऊ. प्रतिमा नसलेला आकारही मनाला प्रार्थनेकडे नेतो, हे त्यांनी नकळत कबूलच केलं.

तेव्हा एखादी वास्तू परकी आहे का, हे ठरवण्याआधी एवढंच विचारावं: तिने इथल्या पावसाशी, उजेडाशी, इथल्या कारागिराच्या हाताशी नातं जोडलंय का? फोंड्याच्या कौलांनी जोडलं. कोलोनच्या काँक्रीटनेही जोडलं.