गीत रविवारपुरतंच का? मराठी ख्रिस्ती घरांत रोजचं गायन कसं टिकेल

मागे बेळगावात एका घरी मयतीला गेलो होतो. पाळकसाहेब यायला वेळ होता, म्हणून कुणीतरी ‘उपासना संगीत’मधलं ओळखीचं गीत धरलं. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं. दुसऱ्याला निम्मे आवाज गळाले. तिसऱ्याला भिंतीकडेला बसलेल्या तीन आज्याच तेवढ्या गात होत्या. बाकीचे खिशातून मोबाईल काढून शब्द शोधत होते.

यात भक्ती कमी झाली असं मी म्हणणार नाही. देवळात गर्दी असते, क्वायर असतो, शब्द पडद्यावर दिसतात. पण पडद्यावरचं गीत पाठ होत नाही, आणि गरज पडते तेव्हा नेमका पडदा नसतो. प्रेषितांची कृत्ये १६:२५ मध्ये पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते. पाय खोड्यात अडकलेले. पुस्तक काढून गाण्याचा प्रश्नच नव्हता. मार्क १४:२६ पाहिलं तर शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. तेही मंदिरात नाही, एका घराच्या माडीवर, जेवण झाल्यावर.

आपल्याकडेही दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. वचन, एक गीत, प्रार्थना, मग जेवण. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण कितीतरी गीतं तोंडपाठ होती. हे जमायचं कसं? यामागे साधा हिशेब आहे.

मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. एक चाल गळ्यात बसली की त्या मापातली सगळी गीतं त्याच चालीवर म्हणता येतात. ओवीचंही तसंच. पेटी असली तर उत्तम, नसली तर टाळ्यांवर भागतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हे ओळखलं होतं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरला मिशनचं काम करताना त्यांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले, कीर्तनं केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची गीतं घरात रुळली, त्याचं मोठं कारण ही मापं आधीच लोकांच्या ओठांवर होती.

याउलट इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं. ती वाईट नाहीत, ऑर्गन आणि चार आवाजांत ऐकायला फार भारी वाटतात. पण चालीतला लांब सूर मराठीतल्या ऱ्हस्व अक्षरावर आला की शब्द ताणला जातो. शिवाय घरात ऑर्गन नसतो. कुणीतरी फार वरच्या पट्टीत सुरुवात करतं, दुसऱ्याच ओळीला सगळ्यांचे गळे अडकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी बसत नाही. घरी सुरुवात अभंग-भजनांनी करा, असं मी म्हणतो ते यासाठीच.

आठवड्याला एकच गीत घ्यावं, तेही दोन कडव्यांपुरतं. वेगळी वेळ काढायला गेलात तर ती निघत नाही, म्हणून जेवणाच्या प्रार्थनेलाच गीत जोडावं. धरण्याआधी त्यातली सर्वात वरची ओळ हळू म्हणून बघावी. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झेपली, तर पट्टी बरोबर. मोबाईल वापरायचाच असेल तर आजीची चाल रेकॉर्ड करायला वापरा. एकाच गीताच्या गावोगावी वेगळ्या चाली आहेत, त्यातल्या कित्येक कुठेच लिहिलेल्या नाहीत.

सीमाभागात आणखी एक अडचण असते. मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, देवनागरी वाचताना अडखळतात. हैदराबाद-वडोदऱ्याच्या घरांतही हीच तक्रार. मग आईबाप ‘आधी मराठी वाचायला शीक’ म्हणतात आणि गीत राहून जातं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी कानाने शिकवा. लिहून द्यायचंच असेल तर मुलाला येते त्या लिपीत द्या. कन्नडमध्ये ळ आणि ण दोन्ही आहेत, उच्चार नीट राहतो. साध्या रोमनमध्ये मात्र ल-ळ, न-ण, त-ट एकच दिसतात, तिथे मोठ्यांनी सोबत बसून म्हणावं लागतं.

लिपीचा बाऊ का नको, याचं उदाहरण शेजारच्या गोव्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवीचा. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापावं लागलं. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला, तरी ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती लोकांनी जपल्या. वाचता न येणाऱ्यांपर्यंत ते ऐकून आणि गाऊनच पोचत होतं.

आता घरात आधी कोण धरणार, हा खरा पेच. बाप लाजतो, मुलं हसतात. अशा वेळी आजीलाच धरायला सांगावं. तिच्या पट्टीत, तिला येईल ते गीत, आज रात्रीच्या जेवणाआधी.