रानातले गवई : भाग ७
शीळ घालतंय कोण?

जूनअखेरची आंबोली. पहाटेचे पाच. अजून उजाडलेलं नाही, पावसाची झिमझिम चालू आहे आणि बाहेर कुणीतरी पोरगं शीळ घालत चाललंय. एक चाल धरतं, मध्येच सोडतं, भलतंच काहीतरी उचलतं. नवखा पाहुणा हमखास दार उघडून बघतो. बाहेर कुणीच नसतं.

गवई आहे शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ म्हटलं, ते मला फार पटतं. याच्या शिळेत शाळेला उशीर झाल्याची जराही फिकीर नसते.

पक्षी साळुंकीपेक्षा थोडा मोठा, २५ सेंटीमीटरचा. लांबून निव्वळ काळा. ओढ्यातल्या दगडावर शेपूट पसरत उभा असताना उन्हाची तिरीप पडली, की कपाळ आणि खांदे एकदम निळेशार चमकतात. ही निळाई रंगद्रव्याची नव्हे, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून विखुरणाऱ्या प्रकाशाची. ऊन गेलं की पुन्हा काळा. नर-मादी दिसायला सारखेच.

सह्याद्रीतली दाट रानं, सातपुडा आणि मध्य भारताचे काही डोंगर हा याचा मुलूख. पण खरा पत्ता सांगायचा तर ओढा. याचं सगळं वर्ष पाण्याच्या तालावर चालतं. हिवाळ्यात तो जवळजवळ मुका असतो. क्वचित एखादी कर्कश ‘क्रीऽऽ’, तीही पाण्याच्या खळखळाटाला चिरून जाणारी. मृगाचा पाऊस सुरू झाला की गळा मोकळा होतो. शीळ म्हणजे सातबाराच समजा : हा ओढा माझा, ही कपार माझी.

आपण पावसात घराबाहेर पडायला कुरकुरतो, आणि हा नेमका तेव्हाच संसार मांडतो! कारण साधं आहे. ओढ्याकाठी खेकडे, गोगलगायी, बेडूक, गांडुळं यांची चंगळ पावसातच असते. खेकडा सापडला की कातळावर आपटून आपटून फोडायचा, मग गिळायचा. घरटं धबधब्यालगतच्या कपारीत. मुळं, शेवाळ, चिखल थापून केलेला जाडजूड वाडगा. त्यात दोन ते चार अंडी. सोळा-सतरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. शेजारी पाणी कोसळत असतं, अंगावर तुषार उडतात, पण वाडग्याच्या आत उबारा असतो.

पूर्वी याची पिल्लं घरट्यातून काढून पिंजऱ्यात वाढवत. ती माणसाने शिकवलेल्या चाली हुबेहूब वाजवायची. रानातला कस्तूर मात्र एकही चाल पुरी करत नाही, आणि मला तोच अधिक आवडतो.

पावसाळी सहलीला जाणाऱ्यांना एक विनंती. फोटोसाठी मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या ओढ्यावर दुसरा कुणी घुसला, असं त्याला वाटतं आणि पिल्लांचा चारा टाकून तो त्या नसलेल्या वैऱ्याला शोधत फिरतो.

(पुढच्या आठवड्यात : नवरंग)